माधवकाकांना चक्कर आली नव्हती

सात आठवड्यांपूर्वी सकाळी ऑफिसात फोन आला. शेजारचे शर्माजी होते. "भाईसाहब, मास्टरजी छत की सीढ़ी से गिर गए... चक्कर आ गया शायद." मी नानाखेड्याला, आमच्या कॉलनीत, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी घाटावर जो तो चक्करच म्हणत होता. त्या दिवशी एकादशी होती, माधवकाका उपाशी होते, एवढं कारण लोकांना पुरलं. काकूंनाही. "दूध पिऊन जा म्हटलं नाही मी," एवढं एकच वाक्य त्या बोलत होत्या.

मी सांख्यिकी खात्यात नोकरी करतो. पहिलं सुचलेलं कारण मला पटत नाही, आणि ही सवय काकांनीच लावली. ते पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी 'कॉमेट' या जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या अपघातांची वही केली होती. आमच्या कॉलनीत माळव्याबाहेर न गेलेली माणसंही कॉमेटबद्दल जाणून होती, इतकं ते सांगत. एक विमान कलकत्त्याजवळ वादळात तुटलं, पुढे दोन समुद्रात कोसळली. लोक वादळ म्हणाले, घातपात म्हणाले. शेवटी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आत दाब भरला, सोडला, पुन्हा भरला... तसं करता करता एक दिवस खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. "प्रत्येक वेळी थोडं थोडं थकतं रे लोखंड," काका म्हणत. पत्रा ॲल्युमिनियमचा होता हे त्यांना माहीत होतं. पण समोर बसलेल्यांसाठी ते लोखंडच म्हणायचे.

गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला ते सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या लोखंडी जिन्यानं जात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार केली, सातवी पायरी वाजते. मी कॉलनीचा सचिव. मी चाचणी घेतली: त्या पायरीवर चार माणसं उभी केली, तीनशे आठ किलो, पाच मिनिटं. पायरी हलली नाही. मी 'जिना सुरक्षित' असा कागद सही करून लावला. शर्माजी हसले, "मास्टरजी, ये आपका हवाई जहाज थोड़े ही है!" काकाही हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सतीश, त्या विमानालाही आधी जास्त दाब देऊन पाहिलं होतं. त्यात ते पास झालं होतं." मला वाटलं, म्हातारपणी माणूस एकच गोष्ट घोळवतो.

दहाव्या दिवसानंतर मी जिन्यापाशी गेलो. सातव्या पायरीला नवं वेल्डिंग, वर ताजा रंग. ते शर्माजींनी करून घेतलं होतं. विचारलं, तर म्हणाले, "मेंटेनेंस है भाई, बच्चे चढ़ते हैं." चक्कर आली असेल तर पायरी का जोडली? ते नजर चुकवत होते, आणि खरं सांगायचं तर मीही. जिन्यामागच्या भंगारात त्या पायरीखालचा जुना अँगल, काटकोनी लोखंडी आधार, सापडला. कोपऱ्याशी तुटलेला. तुटलेल्या कडेचा तीन चतुर्थांश भाग गंजून काळा, उरलेला तेवढा चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती, पडताना तुटला तो फक्त शेवटचा तुकडा. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं, रोज दोनदा चढणं, दोनदा उतरणं: सोळा हजार साठ वेळा त्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं. मी तपासलं होतं एकदा.

तो तुकडा घेऊन मी काकूंकडे गेलो. गंज दाखवला, आकडा सांगितला, माझ्या कागदाचंही सांगितलं. त्यांनी गंजलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे उपासानं नाही?"

"नाही काकू."

"चक्कर नव्हती आली त्यांना..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि पायरी तू तपासली होतीस."

"हो."

मागच्या रविवारी कॉलनीच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं आणि इतिवृत्तात लिहिलं. "अब क्यों उखाड़ते हो यार," शर्माजी पुटपुटले. सचिवपद मी सोडलंय. काकांच्या खोलीत कॉमेटची वही तशीच उघडी आहे, आणि तिचं पान उडू नये म्हणून काकूंनी तो अँगलचा तुकडा वर ठेवलाय. मी रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला जातो. काकू दार उघडतात, बादली पुढे करतात. अजून माझ्याशी बोलत नाहीत.