वॉचमनच्या केबिनमधला कांदा

आमच्या भांडुपच्या सोसायटीत गेटच्या आत शिरलं की डाव्या हाताला एक काळा फळा आहे. त्यावर आमचे सेक्रेटरी रोज सकाळी खडूने दिनविशेष लिहितात. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. चिमणी दिन, हात धुवा दिन, ग्राहक दिन, पृथ्वी दिन, सगळं त्या फळ्यावर येऊन जातं. हात धुवा दिनाला नेमकं पाणी आलं नव्हतं, तरीही फळ्यावर मजकूर होता आणि खाली 'आदेशावरून' असंही होतं. कोणाच्या आदेशावरून, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही.

त्या फळ्याच्या समोरच वॉचमनची केबिन आहे आणि तिच्या खिडकीत एक कांदा असायचा. तो माझा कांदा होता.

मला फिट येतात. लहानपणापासून येतात. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे वर्षातून एखाददुसरी येते, पण येते तेव्हा जागा बघून येत नाही. मी जमिनीवर पडले की अख्खी बिल्डिंग कांदा घेऊन धावते. बुक्कीने फोडलेला कांदा नाकाशी धरला की माणूस शुद्धीवर येतो, हे आमच्याकडे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असतं. कोकणातल्यांना ठाऊक, घाटावरच्यांना ठाऊक, वॉचमन उत्तरेकडचा, त्यालाही ठाऊक. कांदा हाताशी नसेल तर चप्पल. फिट आपली आपण थांबते, पण थांबते तेव्हा नाकाशी कांदा असतोच, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं. शुद्धीवर आले की पुढचे दोन दिवस माझ्या अंगाला भाजीवालीसारखा वास यायचा. एकदा तर समोरच्या काकूंनी माझी दातखीळ सोडवायला तोंडात स्टीलचा चमचा घातला. काकू मराठवाड्याकडच्या, हाताला जोर आहे. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा तेव्हाच गेला.

मी रागीट बाई आहे, पण या लोकांवर नीट रागावताही येत नव्हतं. डोळे उघडले की आजूबाजूला काळजीने उतरलेले दहा चेहरे आणि प्रत्येकाच्या हातात कांदा. काय बोलणार?

आई तर पर्समध्ये कांदा घेऊन फिरायची. मी घरी शिकवण्या घेते, चांगली चाळिशीला टेकलेय, तरी बँकेत, डॉक्टरकडे, मुलुंडला मैत्रिणीकडे, आई बरोबर. कोणी विचारलंच तर म्हणायची, तिला चक्कर येते. फिट हा शब्द तिने घराबाहेर कधी उच्चारला नाही. सगळ्या बिल्डिंगने मला पडताना पाहिलेलं, तरी सगळे चक्करच म्हणायचे, आईचा मान राखायला.

बाबा गेल्यापासून आईचं सगळं जग माझ्याभोवती आवळत गेलं. तिचं माहेर मालवणच्या बाजूला. तिथे तिची थोरली बहीण एकटी राहते. दरवर्षी दिवाळी झाली की मावशीचा फोन येणार, गावच्या देवीची जत्रा आली, माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, तू कधी येणार? आई दरवर्षी सांगणार की पुढच्या वर्षी. माझ्या शिकवण्या मुलांच्या परीक्षांमुळे सोडता येत नाहीत आणि मला एकटीला टाकून ती जाणार नाही. मी ओरडायचे, भांडायचे, तिची बॅगसुद्धा भरून ठेवायचे. ती शांतपणे एकच विचारायची, "आणि तुका काय झाला तर?"

बिल्डिंग धावून येईल हे खरं होतं, पण काय घेऊन धावून येईल हेही आम्हा दोघींना माहीत होतं. दात मोजकेच असतात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी दूध घेऊन येत होते आणि फळ्यावर 'जागतिक नारळ दिन' लिहिलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. नारळाला दिवस आहे आणि मला नाही? मी तशीच पिशवी हातात घेऊन सेक्रेटरींसमोर उभी राहिले. म्हटलं, नोव्हेंबरात अपस्माराचा राष्ट्रीय दिन असतो, तो तुमच्या फळ्यावर आजवर कधी आला नाही. त्यांनी चष्मा पुसला. राष्ट्रीय आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. पण मग त्यांनीच फाटा फोडला. म्हणाले, दिवस म्हणजे काय, आज लिहिला, उद्या पुसला. लोकांना काही शिकवायचं असेल तर सप्ताह हवा. दिवस माझ्या अधिकारात आहे, सप्ताहाला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि महिना मागू नका, महिन्याची आपल्याकडे प्रथा नाही.

मी खूश झाले. सप्टेंबरात वार्षिक सभा होतीच. मी ठराव मांडते म्हटलं. तर सेक्रेटरी म्हणाले की तुम्हाला मांडता येणार नाही, कारण तुम्ही सभासद नाही. फ्लॅट आईच्या नावावर आहे. सूचक म्हणून त्यांनाच उभं राहावं लागेल.

झालं. ज्या बाईने तीस वर्षं शब्द तोंडातून काढला नाही, तिने आता अख्ख्या बिल्डिंगसमोर उभं राहून तो काढायचा होता.

मी आईला सांगितलं तेव्हा ती बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. त्या दिवशीच्या कालवणात मीठ नव्हतं आणि दुसऱ्या दिवशीच्या डाळीत दुप्पट होतं. मी पुन्हा विषय काढला नाही, म्हणजे काढायचे, पण भांड्यांचा आवाज वाढायचा. आठवडाभराने मावशीचा फोन आला. तिने पडवीत नवा झोपाळा टांगला होता, दोघींना बसता येईल असा, आणि त्यावर ती एकटीच बसत होती. आई बराच वेळ नुसती हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, सभेला नेसायला हिरवी साडी बरी दिसेल का.

सभा नेहमीप्रमाणे खालच्या पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्सच्या पुड्या, गरगरणारा एक टेबलफॅन. गच्चीची गळती झाली, पार्किंगवरून भांडण झालं, रिडेव्हलपमेंटवरून त्याहून मोठं भांडण झालं. लोक चुळबुळ करायला लागले तेव्हा सेक्रेटरींनी 'आयत्या वेळचे विषय' पुकारले आणि आई उठली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते.

आईने सुरुवात छान शहरी मराठीत केली, आदरणीय अध्यक्ष वगैरे. दुसऱ्या वाक्याला गाडी मालवणीवर आली.

"माझ्या चेडवाक फिट येता. चक्कर नाय, फिट. तुम्ही सगळे कांदो घेवन धावतास, ता माका बरा वाटता. पण कांद्यान काय होना नाय. आमका एक आठवडो देवा. काय करूचा ता शिकॉन घेवया."

एवढं बोलून ती बसली. मग दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. ते कुठल्याही विषयावर उठतात. त्यांचं म्हणणं, असा आठवडा गेटवर लिहिला तर बिल्डिंगचं नाव खराब होईल, बिल्डर काय म्हणेल, आणि एकदा पायंडा पडला की उद्या मूळव्याधवाले येऊन महिना मागतील. लोक हसले. मला त्यांच्या अंगावर खुर्ची फेकावीशी वाटली. आई बसल्या जागेवरून म्हणाली, मागू दे की, त्यांनाही द्या. मग लोक आणखी हसले, पण या वेळी तिच्या बाजूने.

सेक्रेटरींनी विचारलं, अनुमोदक कोण? सगळे एकमेकांकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात समोरच्या काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अनुमोदन माझं. तो चमचा मीच घातला होता."

मला काकूंबद्दल तेव्हा इतकी माया वाटली की दाताचा तुटका कोपराही मी त्यांना भेट दिला असता.

ठराव मंजूर झाला. त्यानंतर सप्ताह सोमवारी सुरू करायचा की रविवारी, यावर पार्किंगपेक्षा जास्त वेळ चर्चा झाली, आणि सर्वात हिरिरीने बोलले ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांना रविवार हवा होता, कारण सोमवारी त्यांना यायला जमलं नसतं.

नोव्हेंबरात फळ्याला रंगीत खडूची नक्षी आली आणि वर ठसठशीत अक्षरांत 'सोसायटी मान्यताप्राप्त अपस्मार जनजागृती सप्ताह'. रोज एकच सूचना. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, ही ओळ काकूंनी सेक्रेटरींकडून दोनदा गिरवून घेतली. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि शेवटी, कांदा फक्त भाजीत.

शेवटच्या दिवशी, रविवारी, प्रात्यक्षिक झालं. पेशंट व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थच चटईवर आडवे झाले. त्यांनी हातपाय इतके मन लावून झाडले की वॉचमन सवयीने केबिनकडे धावला आणि कांदा घेऊन आला. बिल्डिंग पोट धरधरून हसली. तो बिचारा ओशाळला. आईने त्याच्या हातातून कांदा घेतला, वर नेला, आणखी चार कांद्यांबरोबर चिरला आणि संध्याकाळी खाली भज्यांचं ताट पाठवलं. पहिलं भजं त्याला.

मग आई गावाला गेली. जत्रेपुरती, चार दिवसांसाठी. जाताना तिने पर्समधला कांदा काढून टोपलीत ठेवला, दारातून परत आली, तो उचलला, पुन्हा ठेवला. ती गेल्यावर मी टीव्ही मोठ्याने लावला आणि एकटीने दोन कप चहा प्यायले. इतकं बरं वाटलं की थोडी लाजच वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना मी फळ्यासमोर पडले.

पडल्याचं मला आठवत नाही, कधीच आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. मी कुशीवर होते. गालाखाली काकूंची घडी केलेली शाल होती. सेक्रेटरी हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते, परीक्षेच्या हॉलमध्ये उभे असल्यासारखे. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लोकांना मागे सारत होते, हवा येऊ द्या म्हणून. वॉचमनने सांडलेल्या दुधावर पाणी ओतलं होतं. मी जीभ दातांवरून फिरवली, सगळे जागेवर होते. आणि नाकाशी फक्त शालीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता, कांद्याचा नाही. मला रडू आलं. काकू घाबरल्या, कुठे लागलं का म्हणाल्या. मी मान हलवली. लागलं नव्हतं, बरं वाटत होतं म्हणून रडत होते.

आईला कळवायचं की नाही, यावर तिथेच चर्चा सुरू झाली. सेक्रेटरींचं मत पडलं की सूचक म्हणून त्यांना अंमलबजावणी कळवणं योग्य ठरेल. मी घरी येऊन, पडून, दुपारी आईला फोन लावला. सरळ सांगितलं, सकाळी फिट आली, आता ठीक आहे.

पलीकडे झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या, त्या थांबल्या.

"कांदो कोणी लावल्यान?" आईने विचारलं.

"कोणीच नाही."

"तोंडात काय घातल्यानी?"

"काही नाही. काकूंनी शाल ठेवली डोक्याखाली."

मला वाटलं आता ती म्हणणार, रात्रीच्याच गाडीने निघते. मी भांडायच्या तयारीने उठून बसले. मग कड्या परत हळूहळू करकरायला लागल्या.

"मगे," आई म्हणाली, "मी आजून आठ दिवस रवतंय."