पहिल्याच वाक्यात

सकाळच्या पेपरच्या शाईचा वास आला, की मला पडेगावची ती खोली आठवते. बरीच वर्षं बातमीदारी करून मी नुकताच राजीनामा दिला होता आणि आता फक्त नाटकं लिहिणार, असं घरी सांगून मोकळा झालो होतो. पहिल्या नाटकाचं वाचन त्या खोलीत होतं. पंखा बंद, चहा निवलेला, डोळ्यांत नाइट ड्युटीची साचलेली झोप. मी पहिलं पान वाचलं: चितेगावच्या कारखान्यात मुलगा मशीनमध्ये सापडून गेला, हे शेजारचा माणूस येऊन आईला सांगतो. आईचं काम करणाऱ्या बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. "अहो, पोरगं गेलं हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत," त्या म्हणाल्या, "आता पुढचे दोन अंक मी काय करू?" कुणी हसलं नाही. बातमीत महत्त्वाचं ते सगळं आधी सांगायचं, एवढंच मला येत होतं. पुढं नाटकं झाली, पुस्तकं झाली; शिकला म्हणतात लोक. परवा थोरला भाऊ गेला. बहिणीला कळवायचं माझ्यावर आलं. फोन लावला आणि विचारलं, "चहा घेतलास का गं?" ती म्हणाली, "घेतेय. तू बोल ना." मी म्हटलं, "घे आधी."