खळखळ नाही, म्हणजे रिकामा!

काय झालं होतं ते सांगतो, पण हसायचं असेल तर शेवटी हसा. कारण तेव्हा मला जाम खात्री होती.

ऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास! मुलुंडच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात स्टोअर्समध्ये लागलो होतो. सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यातले पाच झालेले. साहेबांच्या सहीवर नोकरी अडलेली आणि नोकरीवर माझं लग्न.

त्या दिवशी लोखंड कापायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे वीस सिलिंडर आले. आता सिलिंडर भरलेला आहे हे कसं ओळखायचं? आमची आई घरचा गॅस हलवून बघते. खळखळलं तर आहे, नाहीतर चहा शेजारी. मीही एकेक सिलिंडर तिरका करून कान लावला. सगळे मुके! म्हटलं, पुरवठादार फसवतोय, आणि पकडलं कोणी? मी!

बाजूला आमचे कणकवलीचे जुने वेल्डर, परबकाका. म्हणाले, "दाबाचा गेज लावन बघलंस काय?"

मी त्यांना सांगितलं, केमिस्ट्री माझा विषय आहे, काका. आणि ट्रक परत पाठवला.

दुपारी जुना ऑक्सिजन संपला, काम ठप्प, पंधरा माणसं हात बांधून बसली. साहेबांनी बोलावलं. मी शाबासकी घ्यायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून शांतपणे विचारलं, "ऑक्सिजनचं क्रिटिकल टेम्परेचर किती?"

फुलटॉसच की हा!

"उणे एकशे अठरा, साहेब. त्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार कमी. म्हणून त्या तापमानाच्या वर कितीही दाब द्या, द्रव होतच नाही. घरच्या गॅसच्या रेणूंना ओढ जास्त, म्हणून तो दाबाखाली इथेही द्रव होऊन खळख..."



"बोल ना, दामले," साहेब म्हणाले. "मुलुंडला आज उणे एकशे अठरा आहे का? मग आत खळखळणार काय होतं?"

वाट लागली! हेच उत्तर इंटरव्ह्यूत देऊन मी ही नोकरी मिळवली होती.

संध्याकाळी ट्रक पुन्हा आला. परबकाकांनी गेज लावलं. वीसच्या वीस भरलेले.

महिन्याने सहीचं पत्र हातात पडलं. नोकरी पक्की, लग्नही पक्कं. खाली साहेबांनी हाताने एक ओळ वाढवली होती: 'ऑक्सिजन परब बघतील. दामले यांनी कॅन्टीनचा गॅस हलवून बघावा.'

अभिमानाने सांगतो, मी असेपर्यंत कॅन्टीनचा चहा एकदाही अडला नाही.