बर्फात रुतलेली जहाजं पाहायला गेलो

२०१७च्या फेब्रुवारीत नवरा कामासाठी टोरांटोला होता. हॅलिफॅक्सच्या घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. बाबा इथे डॉक्टर म्हणून आले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, आता रिटायर्ड. किनाऱ्यावरच्या एका गावातलं चित्र त्यांना कधीचं पाहायचं होतं. "मीनल, आज ऊन आहे, निघू या," म्हणाले आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसले.

हायवे एकशेतीनने दक्षिणेला सव्वा तास. विंटर टायर्स मात्र हवेतच. चित्र जिथे आहे त्या छोट्या संग्रहालयाला तिकीट नाही, पेटीत हवं ते टाका. शेजारी फिश चावडर, म्हणजे माशांचं दाट सूप, झकास मिळतं, पण हिवाळ्यात कॅफे तीनलाच बंद होतो.

चित्र भिंतभर. एकोणिसाव्या शतकात आर्क्टिकमध्ये हरवलेल्यांना शोधायला गेलेली दोन जहाजं बर्फात रुतलेली, पुढे माणसं दोरांनी होडी ओढताहेत. "वाचवायला गेलेलेच अडकले," तिथल्या बाई म्हणाल्या. बाबा इतके जवळ गेले, की बाईंना त्यांना मागे सरायला सांगावं लागलं.

परतताना अर्ध्या वाटेत वारा सुटला. बर्फ उडून समोरचं सगळं पांढरं झालं.

"बाबा, स्लो करा. बाबा, डावीकडे घ्या!"

गाडी कडेच्या चरात जाऊन तिरकी थांबली.

लागलं कुणालाच नाही. नाइन वन वन या आपत्कालीन नंबरवर मी फोन केला, त्यांनी बजावलं: गाडीतच बसा, तासभर लागेल. इंजिन चालू होतं तरी ऊब पुरत नव्हती, आणि एक्झॉस्टचा पाइप बर्फाने बुजला तर विषारी वायू आत येतो, म्हणून मी दर दहा मिनिटांनी उतरून तो हाताने मोकळा करत होते. ट्रक गेला की वाटायचं, हा आपल्यावरच येणार. बाबांचे ओठ निळसर पडले होते.

"मला रस्ता दिसत नव्हता," ते एकदम म्हणाले. "वाऱ्यामुळे नाही. वर्ष झालं. ते चित्रसुद्धा मला नुसतं पांढरं दिसलं."

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही गाडी काढून घेतली असती."

मला खूप राग आला. तरी त्यांचे हात माझ्या जॅकेटमध्ये ओढून घेतले आणि बर्फ काढणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा दिसेपर्यंत, उतरावं लागलं तेवढं सोडून, तशीच बसले.

घरी पोचल्यावर नवऱ्याचा फोन आला. "ट्रिप कशी झाली?" मी "छान" म्हणणार, तोच बाबांनी फोन मागितला. "गाडी मी चरात घातली. मला दिसत नाही रे," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लायसन्स परत केलं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. तुम्ही कधी तिकडे गेलात तर चित्र जरूर बघा, पण वाऱ्याचा अंदाज घेऊनच निघा. बाबा बेसमेंटचा जिना उतरायला लागले, की मी आजही श्वास धरून खालच्या पायरीशी उभी असते.