एर्मिंदाबाईंची कॉफी आणि आमचा नळ

एर्मिंदाबाईंवर लिही, लिही म्हणून सगळे मागे लागलेत. लिहिते. पण आधीच सांगते, माझी नऊ वर्षांची मेहनत या बाईने एका कपात ओतून इन्स्पेक्टरला पाजली होती.

आमची वस्ती पुएर्तो आमारो बंदराच्या टेकडीवर. खाली गोदीत जहाजं धुवायला धो धो पाणी, आणि वर आम्ही चाळीस घरं मासळीबाजारातल्या एकुलत्या नळावर कॅन भरून दोनशे अकरा पायऱ्या चढणार. पाण्याची लाइन वर यावी म्हणून मी अर्ज केले, रस्ता अडवला, पाणीखात्याच्या दारात रिकामे डबे बडवले. शेवटी उत्तर आलं: इन्स्पेक्टर पाहणी करेल, वस्तीत खरंच पाणी नसेल तर लाइन मंजूर.

मी घरोघर जाऊन बजावलं, पिंपं उपडी घाला, थेंब दिसता कामा नये. "हो गं पोरी," एर्मिंदाबाई म्हणाल्या.

बाई मूळच्या समुद्रापासून लांब, मैदानी मुलखातल्या सान होव्हितो गावच्या. मुलगा गोदीत क्रेन चालवतो, त्याने चौदा वर्षांपूर्वी इथे आणलं. त्यांच्या गावाकडे जमीन अशी सपाट की पाहुणा अर्धा तास आधी ठिपक्याएवढा दिसतो. ठिपका दिसला की आधण ठेवायचं, आणि कप रिकामा होईपर्यंत 'का आलात' विचारायचं नाही. आम्ही बंदरातली माणसं खिडकीतूनच ओरडतो, "कोण? काय पाहिजे?" बाई काही हे शिकल्या नाहीत. दारात बसून पायऱ्यांवर ठिपके शोधत असतात. माझं पातेलं चोरणाऱ्यालाही यांनी कॉफी दिली होती. त्याने कप परत केला, पातेलं नाही.

तर इन्स्पेक्टर लेदेस्मा धापा टाकत वर आला तेव्हा कॉफी तयार. वर तोंड पुसायला ओला टॉवेल! त्याने कागदावर लिहिलं, 'पाणी उपलब्ध' आणि गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो बाई, काय केलंत हे!"

"उन्हातून चढून आला होता गं. तोंड बघितलंस त्याचं? उकडलेला खेकडा."

"शत्रू आहे तो आपला!"

"असेल. पण कॉफी प्यायच्या आधी मला कसं कळणार?"

"आणि पाणी कुठलं वापरलंत?"

"माझ्या अंघोळीचं ठेवलं होतं."

मी तशीच पाणीखात्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

चार महिने भांडून मी दुसरी पाहणी मिळवली. त्या सकाळी मी स्वतः बाईंचा भरलेला कॅन गटारात ओतला आणि त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले. लेदेस्मा सरळ तिथेच आला, हसत. कॉफीची चटक लागली होती मेल्याला.

"ऊठ, पाहुण्याला खुर्ची दे," बाई मला म्हणाल्या. मग त्याला, "कॉफी देते हो, पण पाणी या पोरीने गटारात ओतलंय."

संपलं! आता हा लिहिणार, 'पाणी गटारात ओततात'. मी डोळेच मिटले.

"तो दुसरा कॅन घ्या," बाई म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

एकदा बाईंची कॉफी प्यालेला माणूस, नाही कसं म्हणणार? गेला. खाली रांगेत पाऊण तास उभा राहिला. परत येताना एकशेसाठाव्या पायरीवर मटकन बसला. सदुसष्ट वर्षांच्या बाईंनी त्याच्या कॅनला हात घातला, तेव्हा लाजून उठला.

वर आल्यावर कॉफी झाली. कप अर्धा असताना त्याने विचारलं, "मागच्या खेपेचं पाणीही... असंच?"

"मग काय आकाशातून?"

त्याने कागद काढला, आधीची ओळ खोडली.

मार्चमध्ये लाइन आली. एक दिवसाआड तासभर, तेही पिवळं. त्यासाठी भांडतेच आहे मी. आणि वस्ती या नव्या नळाला म्हणते काय, तर 'एर्मिंदाबाईंचा नळ'! नऊ वर्षं डबे मी बडवले!

जाब विचारायला तरातरा पायऱ्या चढून गेले. पोचले तर कप समोर. मी खालूनच दिसले होते त्यांना. मुकाट्याने प्याले.

कप खाली ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "हं, आता बोल, का आलीस?"

बोलले की. चांगला अर्धा तास, वस्ती गोळा होईपर्यंत. बाईंनी माणसं मोजली आणि आधणात पाणी वाढवलं.