ताफ्यातली शेवटची गाडी

हेमचंद्र त्रिलोकेकरांनी एकाहत्तराव्या वर्षी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायचं ठरवलं. तीही साधी नव्हे. चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांतून आणि ओढ्यातून घालायची गाडी. ते राहतात त्या गिरगावातल्या गल्लीत हातगाडी वळवायची तरी चार माणसांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. त्यांच्या शेजारच्या गंगुबाईंनी मला फोन करून विचारलं, "बाई, ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं की ज्योतिषाकडे?"

मी म्हटलं, आधी माझ्याकडे पाठवा.

माझा त्यांच्याशी संबंध कादंबरीमुळे. कादंबरी त्यांची बायको आणि माझी शाळेतली मैत्रीण. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली. कोकणातून, विदर्भातून दौरा करून परत आले की पहिला मुक्काम तिच्या स्वयंपाकघरात. ती कोलंबीचं भानोलं झाकून ठेवायची आणि नाटकात काय काय फजिती झाली ते ऐकून पोट धरून हसायची. हेमचंद्र तेव्हा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राच्या मागे असत. हसू आलं की वर्तमानपत्र हलायचं, एवढीच त्यांची दाद.

ते विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे अपघात झाला की छोटी हातोडी, टॉर्च आणि वही घेऊन निघायचं, चेंदामेंदा झालेल्या गाडीखाली शिरायचं आणि नुकसान किती ते लिहायचं. चौतीस वर्षं त्यांनी मोडलेल्या गाड्याच पाहिल्या, दुरुस्त झाल्या की चालवूनही पाहिल्या. स्वतः का घेतली नाही विचारलं तर म्हणायचे, "शेवट माहीत असल्यावर सुरुवात करवत नाही."

तीन वर्षांपूर्वी कादंबरी गेली. मुलगी वल्लरी ऑकलंडला. ती दर रविवारी सकाळी फोन करते, वीस मिनिटं बोलते, आणि मग रविवार उरतो तो उरतोच.

ते आले, चहा घेतला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. मोबाइलवर आलेली एक सूचना त्यांनी सर्व्हेअरच्या वळणदार अक्षरात उतरवून घेतली होती. दर महिन्याच्या एका रविवारी काही मंडळी आपापल्या जीपगाड्या घेऊन कर्जतच्या पुढे रानात जातात, त्यांचे नियम. हेमचंद्रांनी त्यातला तिसरा नियम मला दोनदा वाचून दाखवला. कोणतीही गाडी एकटी जाणार नाही. कुणालाही मागे सोडून ताफा पुढे जाणार नाही.

"बाई, असा नियम तुम्ही दुसरीकडे कुठे वाचलाय?"

मी नाही म्हटलं. त्यांना गाडी नको होती. त्यांना त्या नियमाच्या आत शिरायचं होतं, आणि आत शिरायचं दार गाडीतून होतं.

आणखी एक अट होती. प्रत्येक गाडीत दुसरं माणूस हवं. वाट अवघड आली की त्यानं खाली उतरायचं, गाडीसमोर उभं राहायचं आणि चालवणाऱ्याला चाक कुठे वळवायचं ते सांगायचं. चालवणाऱ्यानं त्याच्यावर विश्वास ठेवायचा. हेमचंद्रांनी कपातल्या चहाकडे बघत विचारलं, मी येईन का. माझे गुडघे काही फार बरे नाहीत. पण अशी विनवणी कुणी केली की मला नाही म्हणता येत नाही. असंच मी निम्मी वाईट नाटकं केली.

मग आमचा शोध सुरू झाला. गाडी स्वस्त हवी, भरवशाची हवी, आणि साधी हवी. ज्या गाडीला रानात लॅपटॉप लागतो ती रानात न्यायची नाही, हे त्यांचं पहिलं सूत्र. वजनाला हलकी हवी म्हणजे चिखलात कमी रुतते, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळायला हवेत.

पहिली गाडी करी रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये, जमिनीखालच्या तिसऱ्या मजल्यावर उभी होती. काळीभोर, प्रचंड, आणि तिच्यापुढे उभा राहिलेला मालक सिद्धांत तितकाच चकचकीत. भाव ऐकून मी तर घ्याच म्हणणार होते. हेमचंद्रांनी बॉनेटवर तळहात ठेवला. सकाळचे आठ वाजले होते आणि बॉनेट गरम होतं. सिद्धांत म्हणाला, आत्ताच जागा बदलायला काढली होती. हेमचंद्र हो म्हणाले, खाली वाकले, टॉर्च मारला आणि उठून हात झटकले. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला समजावलं. थंड इंजिन सुरू होताना जे कुरकुरतं ते गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून आधी गरम करून ठेवतात. आणि जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला तर समजायचं, खाली काहीतरी झाकलंय.

रंगानं काय झाकता येतं ते मला कुणी सांगायला नको. पन्नाशीत मी सोळा वर्षांची नायिका झाले आहे, आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

दुसरी जीप वरळी कोळीवाड्यात बुधाजींकडे होती. त्यांनी ती होड्या वाळूवर ओढायला वापरलेली. हेमचंद्र हातोडी घेऊन खाली शिरले आणि ठोकत पुढे पुढे सरकू लागले. चांगलं लोखंड खणखणतं. इथे मधेच आवाज मेला. ते काही बोलायच्या आत बुधाजीच म्हणाले, "काका, नका घेऊ. खारं पाणी प्यायलीय ती. वरून बरी दिसते, आतून गेली."

दारात कोळंबी सोलत बसलेली त्यांची बायको रखमा तिथूनच ओरडली, "तू माझा दादला हायेस का गिऱ्हाइकाचा?"

बुधाजी खो खो हसले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना हेमचंद्र म्हणाले, अशी माणसं असती तर आमच्या कंपनीला सर्व्हेअर लागलेच नसते.

तिसरी गाडी हिंदमातेजवळच्या एका साडीवाल्याची. पांढरी जिप्सी. अलिबागच्या घराकडे जायला हौसेनं घेतली, घरातल्या बायकांना तिचे धक्के सोसेनात, म्हणून पडून राहिलेली. इथे मी हेमचंद्रांची खरी कला पाहिली. ते स्वतः चालवायला बसलेच नाहीत. मालकाला म्हणाले, तुम्ही चालवा. आणि मागच्या सीटवर, मधोमध, पुढे वाकून बसले. पूर्ण अर्धा तास त्यांनी रस्ता पाहिला नाही, गाडी पाहिली नाही. मालकाचे हात पाहिले.

"मालकाला गाडीचं दुखणं ठाऊक असतं," ते मला नंतर म्हणाले. "जिथं दुखतं तिथं हात आपोआप अलगद जातो. तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाही." साडीवाल्याचा हात कुठेही अडला नव्हता. तो गिअर असे टाकत होता जणू गिऱ्हाइकापुढे साड्या फेकतोय.

एकच शंका होती. पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा अनेक वर्षं कुणी हलवलेला नव्हता. हेमचंद्र आता पुढे बसले. दांडा हलेना. त्यांनी जबरदस्ती केली नाही. गाडी हळूच पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे, रुसलेल्या माणसाशी बोलावं तसं. चौथ्या वेळी दांडा बसला. मग जवळच्या एका मैदानालगतच्या सिमेंटवर त्यांनी एक घट्ट वळण घेतलं आणि गाडी अडखळली, चाकं जमिनीवर उड्या मारल्यासारखी करू लागली. साडीवाला घाबरला. हेमचंद्रांनी लगेच दांडा काढला आणि हसले. वर्तमानपत्राच्या आडून नाही, उघड. अडखळली याचा अर्थ पुढची चाकंही जोर लावतायत.

घेतली. गिरगावातल्या एका बंद छापखान्याच्या आवारात तिला जागा मिळाली. रोज सकाळी ते तिथे जायचे, थंड इंजिन सुरू करायचे, ऐकायचे आणि बंद करून परत यायचे.

डिसेंबरातल्या रविवारी आम्ही पहाटे निघालो. मी जुनी सुती साडी नेसले होते आणि कॅनव्हासचे बूट घातले होते. कर्जतच्या पुढे चौदा गाड्या जमल्या होत्या. ताफ्याचा म्होरक्या निमेश, लोअर परळच्या बँकेतला, तिशीपस्तिशीचा. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणाची गाडी मागच्या वेळी कुठे रुतली, कुणी कुणाला ओढून काढलं, याच गोष्टी. आम्हाला त्यांनी आदरानं चहा दिला. काका आणि आजी म्हणाले. नाव कुणी विचारलं नाही. हेमचंद्र कप हातात घेऊन प्रत्येक घोळक्याच्या कडेला थोडा थोडा वेळ उभे राहिले. दुसऱ्याच्या हळदीकुंकवाला चुकून आलेल्या बाईसारखे.

ओढा आला. पाणी घोट्यापर्यंत, पण एका बाजूला चिखलाचा खोल खड्डा. एकेक गाडी पार होत गेली. आमची पाळी आली. मी उतरले, पलीकडे जाऊन उभी राहिले. समोर दिवे लावलेली गाडी, काठावर रांगेनं माणसं, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. बारा वर्षांनी. माझे खांदे आपसूक सरळ झाले. दोन्ही हात पुढे करून मी त्यांना बोलावलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज लावून म्हटलं, "उजवीकडे!"

रंगमंचावर डावं-उजवं नटाचं असतं. प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलेल्या नटाचा उजवा हात, ती उजवी बाजू. चाळीस वर्षं मी त्याच हिशेबानं चालले. आणि इथे समोर बसलेल्या माणसाची उजवी बाजू म्हणजे माझी डावी. त्याच बाजूला खड्डा होता.

हेमचंद्रांनी चाक पूर्ण उजवीकडे वळवलं. गाडी एका कुशीवर कलली, पुढचं चाक गडप झालं आणि चिखल दारापर्यंत आला.

सगळे धावले. निमेश ओढ्यात उतरून खिडकीशी गेला. "काका, खड्डा दिसला नाही?"

"दिसला की."

"मग?"

"बाईंनी उजवीकडे सांगितलं."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. दोर आले, फळ्या आल्या. पाच जण चिखलात उतरले, ते गुडघ्यापर्यंत माखले. आणि ढकलता ढकलता त्यांनी विचारलं, काका, नाव काय, राहता कुठे, ही जिप्सी कुठे मिळाली. गाडी वर आली आणि किल्ली फिरवताच पहिल्या झटक्यात सुरू झाली. निमेशनं तिच्याभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि शीळ घातली. हेमचंद्रांना गाडी शोधण्याची सगळी गोष्ट, सिद्धांतची का नाकारली तीसुद्धा, सांगायला लावली. बुधाजींची गोष्ट सांगितली तेव्हा तर चौदा गाड्यांची माणसं त्यांच्याभोवती होती. मी लांब दगडावर बसून पाय पुसत होते. तिथून मला फक्त त्यांचे हात दिसत होते, हवेत हातोडी ठोकून दाखवणारे.

जेवणानंतर निमेश आमच्याकडे आला. ताफ्यात शेवटची गाडी सर्वात भरवशाची लागते. ती सगळ्यांना पुढे घालते आणि कुणी अडकलं तर त्याच्यापाशी थांबते. चालवणारा घाई न करणारा हवा. ती जागा त्याला काकांना द्यायची होती, दर महिन्याला. मग तो माझ्यापुढे उकिडवा बसला.

"आजी, राग मानू नका. पण शेवटच्या गाडीला वाट दाखवणारं माणूस शिकलेलं लागतं." लालबागची तेजस्वी म्हणून एक दातांची डॉक्टर होती. तिच्याकडे गाडी नव्हती, पण वाट दाखवण्यात तिच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. ती काकांबरोबर येईल.

हेमचंद्र ताडकन म्हणाले, "बाई माझ्याबरोबर आहेत. विचार करून कळवतो."

परतीच्या वाटेवर पनवेल मागे पडलं. तेव्हा हेमचंद्र म्हणाले, "खड्डा मला दिसला होता. पण तीन वर्षांत मला कुणी इकडे वळा, तिकडे वळा असं काही सांगितलंच नव्हतं, बाई. बरं वाटलं."

परळला माझ्या दाराशी गाडी थांबली. ते म्हणाले, निमेशला नाही कळवतो. आपण दोघं रविवारी वरळीला समुद्रावर चक्कर मारत जाऊ. सपाट रस्ता, तुम्हाला उतरायला नको.

मोह झाला. खोटं कशाला बोलू? पण वरळीच्या सपाट रस्त्याला कुठल्याही गाडीची गरज नव्हती, आणि तिथं तो तिसरा नियमही नव्हता. मी म्हटलं, "मी आजारी पडले तेव्हा एका दुपारात माझ्या जागी दुसरी नटी उभी राहिलीय. प्रयोग थांबवला नाही कुणी. तेजस्वीला घेऊन जा."

"आणि तुम्ही रविवारी काय करणार?"

"मला पाठांतर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसलं पाठांतर, ते विचारलं नाही. विमा कंपनीत आयुष्य घालवलेला माणूस, झाकलेलं त्यांना दिसलं असणारच.

आता ताफ्याच्या रविवारी मी साडेपाचला उठते आणि खिडकीत उभी राहते. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, दूधवाल्यांच्या सायकली तेवढ्या. पावणेसहाच्या सुमाराला पांढरी जिप्सी लालबागकडून येते आणि पुलाच्या बाजूनं दादरकडे जाते. तेजस्वी हातवारे करून काहीतरी सांगत असते आणि हेमचंद्र मान डोलावत असतात. ते वर बघत नाहीत. गाडी चालवणाऱ्यानं बघूही नये.

मी चहा ठेवते. एकच कप.