टीचर आणि अकरा जोड बूट

चूक कबूल करताना टीचरांचा आवाज मोठा व्हायचा. एरवी त्या हळू बोलत. मालवणच्या शाळेत तीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या या ख्रिस्ती बाईंनी आम्हा अकरा बायकांना तारकर्लीच्या वाळूत धावायला लावलं. मी बँकेतली, रजनी मासे विकणारी, बाकीच्या घरगुती खानावळीवाल्या. कुणी साडी खोचून धावायची, कुणी अनवाणी.

मग एका बुटांच्या कंपनीची माणसं आली. हॉटेलात मोफत पायतपासणी. यंत्रावर उभं राहायचं, की पायाचं रंगीत चित्र हातात. "मॅडम, तुम्ही धावपटू आहात. फक्त बूट चुकीचे आहेत," असं त्यांच्यातला एक तरुण टीचरांना म्हणाला. जन्मभर त्यांना कुणी धावपटू म्हटलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या 'पीटीच्या बाई' होत्या. त्यांनी बूट घेतले आणि आम्हालाही आग्रह केला. टीचर सांगतात म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी तपासणी करून घेतली आणि बूटही घेतले.

महिनाभरात रजनीचा गुडघा सुजला. ती टोपली घेऊन बसेना. कुडाळचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या उंच टाचेच्या बुटांनी मऊ वाळूत पाय मुरगळून गुडघ्यावर ताण येणारच.

टीचरांनी आमचे सगळ्यांचे तपासणीचे कागद मागवले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. आमची अकराही चित्रं त्यांच्या स्वतःच्या चित्रासारखीच, हुबेहूब एक होती. मग त्या उठून घरोघर गेल्या. रजनीच्या अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाल्या, "रजनी, माझां चुकलां. त्येणी माका धावपटू म्हटल्यानी आणि मी भुललंय. तुझ्या गुडघ्याक मी जबाबदार." रजनी बरी होईपर्यंत बाजारात तिची टोपली मांडून टीचर स्वतः बसल्या. बांगडे विकताना त्यांना जुने विद्यार्थी भेटत. त्यांनाही त्या कारण सांगत.

पुढे कंपनीला जाहिरातीसाठी टीचरांचा फोटो हवा होता. फोन आला तेव्हा मी समोरच होते. "लावा," टीचर म्हणाल्या, "पण खाली लिवा, ह्या बायेक आमी फसयलां." पुन्हा फोन आला नाही.

आता त्या मुलीकडे म्हापशाला असतात. परवा मुलीचा फोन आला. तिथेही आईने बायका जमवल्यात म्हणे. पहिल्याच सकाळी सगळ्यांना मैदानात गोल बसवलं आणि आधी आपण कशा फसलो ते सांगितलं. मग म्हणाल्या, "चला, आता धावया."